गोड बुडबुड्यांचे गाव कानेल्ली

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात पिएमोंते नावाचा प्रांत आहे. पश्चिमेला मोटारींच्या कारखान्यांमुळे नाव कमावलेले तुरीन शहर, क्षितिजावर आल्प्सची बर्फाळ रांग आणि अलीकडे लाटांसारख्या एकामागून एक उठलेल्या टेकड्या. या टेकड्यांमधून बेल्बो नावाची लहानशी नदी वाहते. तिच्या काठी दहा हजारांच्या आसपास वस्तीचे कानेल्ली हे गाव वसले आहे. गावातून गोट्यांची फरसबंदी असलेली एक जुनी वाट वर चढत जाते. तिला तिथे ‘प्रेमिकांची वाट’ म्हणतात. वाटेच्या शेवटी, टेकडीच्या माथ्यावर, गान्चा घराण्याचा वाडा उभा आहे. वाड्यापासून खाली पाहिले की चारही बाजूंना द्राक्षांचे मळेच मळे दिसतात.

पण कानेल्लीचे खरे वैभव जमिनीच्या वर नाही, ते पायाखाली आहे. गावाखालच्या मऊ खडकात तळघरे खोदली गेली. विटांच्या उंच कमानी, लांबच लांब दालने आणि दोन्ही बाजूंना रचलेल्या बाटल्या असे त्यांचे रूप आहे. स्थानिक लोक त्यांना ‘जमिनीखालची कॅथीड्रल्स’ म्हणतात. काही ठिकाणी ही तळघरे जमिनीखाली सुमारे ३० मीटर खोल जातात. वर उन्हाळा असो की बर्फ, आत बारा ते चौदा अंशांचा गारवा कायम असतो. जून २०१४ मध्ये दोहा येथे युनेस्कोची बैठक झाली आणि पिएमोंतेच्या या द्राक्षभूमीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच बैठकीत गुजरातमधील पाटणच्या ‘राणी की वाव’ या विहिरीलाही तो मान मिळाला. एक विहीर पाण्यासाठी खोदलेली, दुसरी तळघरे वाइनसाठी. दोन्हींचे सौंदर्य मात्र पायऱ्या उतरल्यावरच कळते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर गोड आणि फसफसणारी अशी वाइन बनवण्यासाठी, आणि तीही सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट साधायला या टेकड्यांना जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

मांजर आणि दूध

द्राक्षाच्या रसात भरपूर साखर असते. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव ती साखर खातो आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू बनवतो. वजनाने पाहिले तर साखरेचे निम्मे अल्कोहोल होते आणि जवळजवळ निम्मा वायू. भांडे उघडे असेल तर वायू उडून जातो. बाटलीला घट्ट बूच मारले तर तो वाइनमध्येच विरघळून राहतो आणि बूच काढताच बुडबुडे होऊन वर धावतो.

अडचण इथेच आहे. बुडबुडे हवे असतील तर यीस्टला साखर खाऊ दिली पाहिजे आणि गोडवा हवा असेल तर खाऊ देता कामा नये. म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचे आणि अर्धे दूध शिल्लक ठेव म्हणून सांगायचे! बाटलीत साखर आणि यीस्ट दोन्ही राहिले तर यीस्ट आपले काम थांबवत नाही. वायू वाढत जातो, दाब वाढत जातो आणि एके दिवशी बाटली फुटते.

या भागातले द्राक्ष आहे मोस्कातो. लहान मण्यांचे, पिवळसर आणि विलक्षण सुवासिक. बहुतेक वाइनला ताज्या द्राक्षाचा वास येत नाही, मोस्कातोच्या वाइनला येतो. पण सगळी साखर आंबून गेली तर तिची चव कडसर लागते. म्हणूनच तिचा गोडवा राखणे भाग होते.

या खटपटीची पहिली मोठी नोंद केली ती एका जवाहिऱ्याने. जोव्हान्नी बात्तिस्ता क्रोचे हा मिलानहून आलेला गृहस्थ साव्हॉयच्या ड्यूकच्या दरबारी दागिने घडवीत असे. तुरीनजवळच्या टेकडीवर त्याचा स्वतःचा मळा होता. घरच्या द्राक्षांवर प्रयोग करून त्याने १६०६ मध्ये तिथल्या वाइनवर एक पुस्तक छापले. कमी अल्कोहोलची, गोड आणि सुगंधी वाइन कशी करावी आणि रसाचे आंबणे कसे आवरावे हे त्याने त्यात सांगितले. ज्या वाइनची आज जगभर विक्री होते तिचा आरंभ असा एका हौशी माणसाच्या घरगुती उद्योगातून झाला.

शुक्ल पक्षातले बाटलीकाम

शेतकऱ्याच्या घरी यासाठी ना यंत्र होते ना पैसा. त्याचा भरवसा ऋतूवर होता. सप्टेंबरमध्ये द्राक्षे उतरली की रस काढायचा. तो आंबू लागायचा तोच हिवाळा येई. गारठ्याने यीस्ट झोपी जाई आणि काही साखर तशीच उरे. वसंत ऋतूत, ईस्टरच्या आगेमागे, ही वाइन बाटल्यांत भरली जाई. ऊब वाढली की यीस्ट पुन्हा जागे होई आणि बाटलीत आपोआप फेस तयार होई. खर्च फक्त बाटली, बूच आणि दोरीचा.

फसफसणारी वाइन वाढत्या चंद्राच्या पंधरवड्यात भरावी आणि साधी वाइन उतरत्या चंद्राच्या, असा इटलीतल्या शेतकऱ्यांचा जुना समज आहे. शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष पाहून पेरणी-लावणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे परके वाटणार नाही. कानेल्लीला लागूनच सांतो स्तेफानो बेल्बो हे गाव आहे. प्रसिद्ध लेखक चेझारे पावेझे याचा जन्म १९०८ मध्ये तिथेच झाला. त्याची १९५० सालची अखेरची कादंबरी याच खोऱ्यात घडते आणि तिच्या नावातही चंद्र आहे. बाटलीत फेस आणणारी खरी शक्ती मात्र चंद्राची नव्हे, वसंतातल्या उबेची.

या पद्धतीत भरवसा कसलाच नव्हता. किती साखर उरली, किती यीस्ट जिवंत आहे, याचे माप नव्हते. एखाद्या वर्षी फेस यायचाच नाही आणि एखाद्या वर्षी उन्हाळ्यात तळघरात बाटल्या फटाक्यांसारख्या फुटायच्या. एक बाटली फुटली की तिच्या काचा शेजारच्या बाटल्यांवर. वर्षभराची मेहनत जमिनीवर सांडायची.

कापडी पिशव्यांची युक्ती

कार्लो गान्चा हा याच प्रांतातला तरुण. १८४८ मध्ये तो फ्रान्समध्ये शँपेनची राजधानी म्हणावी अशा रँस शहरी गेला आणि तिथली विद्या शिकून आला. शँपेनची रीत अशी, की वाइन आधी पूर्ण आंबवून कोरडी करायची, मग मोजून साखर घालून ती बाटलीत पुन्हा आंबवायची. तिथेही बाटल्या फुटतच. तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून वावरत. १८३०च्या दशकात शालाँ गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमधली साखर मोजण्याची रीत बसवली, तेव्हा हे नुकसान आटोक्यात येऊ लागले.

गान्चाने ही पद्धत मोस्कातोला लावायचे ठरवले. वरून साखर घालण्याची गरज नव्हती, ती द्राक्षातच होती. उलट तीच फार होती. यावरचा उपाय साधा पण हुशारीचा होता. शंकूच्या आकाराच्या जाड कापडी पिशव्या टांगून रस त्यातून पुन्हा पुन्हा गाळायचा. घरात चक्का टांगतात तसेच ते दृश्य. प्रत्येक गाळणीत काही यीस्ट कापडात अडके. शिवाय यीस्टने वाढताना रसातली आपली पोषणद्रव्ये खाल्लेली असत, तीही त्याच्याबरोबर बाहेर पडत. असे काही वेळा केले की रसात साखर राहते, पण यीस्टला जगायला लागणारे बाकीचे अन्न राहत नाही. मांजराला हाकलता येत नसेल तर त्याला दुबळे करायचे, असा हा प्रकार!

१८६५ मध्ये कानेल्लीत गान्चाची फसफसणारी मोस्कातो तयार झाली. इटलीतली ही पहिली अशी वाइन मानली जाते. पाठोपाठ काँत्रात्तो, बोस्का, कोप्पो या घराण्यांची तळघरेही गावाखाली पसरली. बाटल्या, बुचे आणि भरण्याची यंत्रे बनवणारे कारखानेही इथे उभे राहिले. तरीही ही वाइन श्रीमंतांचीच राहिली. एकेक बाटली हाताळायची, महिनोन् महिने सांभाळायची, त्यात काही फुटायच्या. हे सगळे किमतीत चढे.

सगळ्या बाटल्यांची एक बाटली

कानेल्लीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आस्ती हे जिल्ह्याचे शहर आहे. तिथे १८७२ मध्ये वाइनविषयक सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिचे संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी साधा प्रश्न विचारला. हजार बाटल्यांत हजार वेळा जे होते ते एकाच मोठ्या बंद पिंपात एकदाच का होऊ नये? १८९५ मध्ये त्यांनी दाब सहन करणाऱ्या पिंपाची पद्धत सिद्ध करून तिचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये युजीन शार्मा या फ्रेंच माणसाने तीत सुधारणा केल्या. म्हणून या पद्धतीला पुष्कळदा शार्माचेच नाव दिले जाते. आस्तीचे लोक मात्र मार्तिनोत्तींचे नाव आधी घेतात.

आजची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. मोस्कातोचा रस काढून शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवतात, म्हणजे तो आंबतच नाही. मागणी येईल तसा त्यातला काही रस पोलादी टाकीत घेऊन उबेला आणतात आणि यीस्ट सोडतात. ही टाकी म्हणजे प्रेशर कुकरची थोरली बहीण. सुरुवातीला वायू बाहेर जाऊ देतात, मग झडप बंद करतात. हवे तेवढे अल्कोहोल आणि हवा तेवढा दाब झाला की टाकी एकदम गार करतात. यीस्ट थिजते. मग अतिसूक्ष्म गाळणीतून यीस्ट पूर्ण काढून टाकून दाबाखालीच बाटल्या भरतात. गोडवा आणि बुडबुडे दोन्ही जागच्या जागी. महिन्यांचे काम आठवड्यांवर येते आणि बाटली फुटण्याचे भयही उरत नाही.

‘मोस्कातो द’आस्ती’ या सौम्य प्रकारात अल्कोहोल साडेचार ते साडेसहा टक्के एवढेच असते आणि लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर शिल्लक असते. तिचा दाब अडीच बारपर्यंतच असल्याने साधे बूच चालते. ‘आस्ती स्पुमांते’ अधिक जोमाने फसफसते. तिला तारेने बांधलेले फुगीर बूच लागते. दोन्हींना १९९३ मध्ये इटलीच्या वाइन-कायद्यातला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. नाताळात केकबरोबर इटलीतल्या साध्यासुध्या घरांतही ही बाटली उघडली जाते, याचे श्रेय मार्तिनोत्तींच्या पिंपाला.

स्वस्ताईची दुसरी वाट

स्वस्त करण्याची एक वाट अशी ज्ञानाची, मोजमापाची. दुसरी वाटही याच प्रांताने पाहिली आहे. १९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळल्याचे उघडकीस आले. वाइन जोरदार भासावी आणि खर्च वाचावा म्हणून केलेला हा उद्योग होता. वीसहून अधिक माणसे दगावली, काहींची दृष्टी गेली. त्या विषारी वाइनचे मूळ पिएमोंतेतच सापडले. विषारी दारूच्या बातम्या आपल्याकडेही वारंवार वाचायला मिळतात, त्यामागचे विषही बहुधा हेच असते.

त्या धक्क्यानंतर इटलीत तपासण्या कडक झाल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये बेल्बोला महापूर आला आणि कानेल्ली चिखलाने भरून गेले. गाव त्यातूनही सावरले. गेलेला चिखल उपसता येतो, पण गेलेला विश्वास परत आणायला फार वर्षे लागतात, हे इथल्या लोकांनी दोन्ही संकटांतून अनुभवले.

गोटी सोडा आणि घरची बरणी

भारतात बुडबुड्यांची ओळख झाली ती गोटी सोड्यामुळे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या बाटलीत आतल्या वायूचाच दाब गोटीला तोंडाशी घट्ट धरून ठेवतो. तिथे वायू सिलिंडरमधून दाबून भरलेला असतो. वाइनमध्येही असे करता येते, पण युरोपात तसे केले तर वायू वरून भरला आहे असे लेबलवर छापावे लागते. आस्तीच्या वाइनला तर ते निषिद्धच आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला १९८०च्या दशकात फ्रेंच पद्धतीने फसफसणारी वाइन बनू लागली आणि परदेशीही गेली. ती कंपनी पुढे बंद पडली, पण नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ही विद्या रुजली. वसई-वांद्र्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी द्राक्षे, मनुका किंवा आल्याची गोड वाइन बरणीत घालण्याची चाल तर फार जुनी आहे. कधी कधी हौसेने हीच वाइन बाटलीत बंद करून फसफसवण्याचा मोह होतो. अशा वेळी कानेल्लीचा हिशेब आठवावा.

एक लिटर वाइनमध्ये चार ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा साखर बंद बाटलीत आंबली, की तळघरातल्या गारव्यालाही वातावरणाच्या दाबाइतका एक दाब वाढतो. शँपेनचा दाब सहापट, म्हणजे जेमतेम सहा चमचे साखरेचा. घरच्या गोड वाइनमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅम साखर सहज असते. ती सगळी आंबली तर दाब पंचवीसपट! जॅमची बरणी किंवा सरबताची बाटली हा दाब सोसू शकत नाही. काचेचे तुकडे डोळ्यांत जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून गोड आणि जिवंत यीस्ट असलेले कोणतेही पेय, मग ते आल्याचे असो की द्राक्षाचे, काचेत बंद करून घराच्या उबेत ठेवू नये. जाणकार त्यासाठी थंड पेयांची जाड प्लॅस्टिकची बाटली घेतात, वर थोडी जागा सोडतात, रोज दाबून पाहतात आणि ती कडक लागताच फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावते, मरत नाही. म्हणून ते पेय थोड्याच दिवसांत संपवायचे असते.

सर्वांत कमी खर्चाची आणि निर्धोक युक्ती त्याहूनही सोपी आहे. गोड वाइन किंवा द्राक्षाचा रस खूप गार करायचा आणि पेल्यात ऐन वेळी तितकाच गार साधा सोडा हलक्या हाताने मिसळायचा. गारव्याचे महत्त्व मोठे. शून्य अंशाजवळ एक लिटर पाण्यात सुमारे पावणेदोन लिटर वायू विरघळतो, तर वीस अंशांना एक लिटरहूनही कमी. इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसच्या बाजूला, वाइनमध्ये सोडा घालून पिण्याची रीत ऑस्ट्रियन अमलाच्या काळापासून चालत आली आहे. तेव्हा यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. घरी मद्य बनवण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो.

जायचे असेल तर

भारतातून मिलानला विमानाने जावे. तिथून आगगाडीने तुरीन किंवा अलेस्सांद्रियामार्गे आस्ती गाठता येते. आस्तीहून कानेल्लीला बसने किंवा मोटारीने जावे लागते. व्हिसा शेंगेनचा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात मोस्कातोची तोडणी चालते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खड्या उतारांना इथे ‘सोरी’ म्हणतात. काही सोरी इतक्या खड्या, की द्राक्षे हातानेच तोडावी लागतात. तो देखावा पाहायचा असेल तर हेच दिवस चांगले. एप्रिल-मे महिन्यांत गर्दी कमी आणि टेकड्या कोवळ्या हिरव्या असतात. तळघरे पाहण्यासाठी आधी कळवून वेळ ठरवावी. आत गारवा असल्याने भर उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर हवा.

शाकाहारी माणसाचीही इथे उपासमार होत नाही. लांगेच्या टेकड्यांवर हेझलनटच्या बागा आहेत. हेझलनटचा भरड केक हा इथला घराघरांतला गोड पदार्थ असून मोस्कातोबरोबर तोच देण्याची पद्धत आहे. वाइन न घेणाऱ्याने केक तरी जरूर चाखावा. आणि तळघरातून वर येताना त्या कमानींकडे पुन्हा एकदा पाहावे. काटकसर म्हणजे निकृष्ट माल नव्हे. एकाने कापडी पिशवी टांगली, दुसऱ्याने हजार बाटल्यांचे एक पिंप केले आणि राजघराण्याची चैन शेतकऱ्याच्या टेबलावर आली. त्यासाठी गोडवाही सोडावा लागला नाही आणि कुणाचा जीवही धोक्यात घालावा लागला नाही.